वॉशिंग मशीनचा कुबट वास आणि बोअरचं पाणी: पहिल्यांदाच मशीन साफ करणाऱ्यांसाठी

धुतलेला टॉवेल नाकाशी धरला की ओल्या पोत्यासारखा वास. पावडर चांगली, ऊन कडक, तरी वास. मग आपण काय करतो? पुढच्या खेपेला पावडर एक चमचा जास्त. त्याच्या पुढच्या खेपेला सुगंधी कंडिशनर. मी दोन वर्षं हेच केलं आणि वास वाढतच गेला. शेवटी एका मेकॅनिकनं "ताई, टब बदलावा लागंल" म्हणत साडेसहा हजारांचा आकडा सांगितला, तेव्हा म्हटलं, आधी आपण उघडून तर बघू.

समोरच्या दाराला जे करडं रबर असतं, त्याची घडी बोटानं बाहेर ओढली. आत राखेच्या रंगाचा बुळबुळीत चिखल, केसांचा गुंता, ब्लाऊजचा एक हूक आणि मोड आलेला हरभरा. सासरे रानातून येताना खिशात हरभऱ्याचे घाटे घालून आणतात, त्यातलाच एक. हरभऱ्याला मोड यायला किती ओल लागते ते आपल्याला माहीत आहे. तेवढी ओल त्या घडीत रोज मुक्कामाला होती.

टब बदलला नाही. दोन दिवसांत, शंभर-सव्वाशे रुपयांच्या सामानात वास गेला. ते कसं केलं ते खाली सांगते. मी लातूरची, त्यामुळे पाण्याच्या गोष्टी आधी येणार.

आधी पाणी ओळखा

आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण. त्याच्या फटींतून मुरत आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. आजीबाईंची परीक्षा सोपी होती: ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही ते पाणी जड. ती परीक्षा आजही चालते. रिकाम्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचे चार-पाच किस टाका आणि जोरात हलवा. फेस उभा राहिला तर पाणी बरं. फेस न येता पाणी दुधाळ झालं आणि वर पांढऱ्या गुठळ्या तरंगल्या तर पाणी जड. परीक्षा साबणानंच करा, कपड्याच्या पावडरनं नको; पावडर जड पाण्यातही थोडाफार फेस दाखवून फसवते.

आकड्यांत हवं असेल तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. घरोघर आरओ विकायला येणारा माणूस जो मीटर पाण्यात बुडवून दाखवतो तो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून किती ते दाखवतो, कठीणपणा नाही. त्या आकड्यावरून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका.

आता वास कसा तयार होतो ते बघा, कारण साफसफाईचा क्रम त्यावरच ठरतो. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाला धरून न विरघळणारा चिकटा तयार करतो. तो टबच्या बाहेरच्या बाजूला बसतो, जिथे आपला हात पोचत नाही. लक्षात घ्या, आपल्याला दिसतो तो आतला स्टीलचा ड्रम. त्याच्याबाहेर प्लॅस्टिकचा दुसरा टब असतो, आणि मळ दोन्हींच्या मधल्या जागेत साचतो. त्या खरखरीत थरावर अंगाचं तेल, खोबरेल, कपड्यांचे तंतू, काळ्या मातीचा गाळ अडकतो. मग त्यावर जंतू आणि बुरशी पोसतात. ते या मळावरच जगतात, म्हणजे पावडर वाढवली की त्यांचं जेवणच वाढवलं. कंडिशनरचं तर विचारूच नका, तो मुळात कपड्यावर थर बसवण्यासाठीच असतो आणि उरलेला थर मशीनवर बसतो.

म्हणून क्रम असा: आधी आम्लानं क्षार सोडवायचे, मग दुसऱ्या दिवशी ब्लीचनं जंतू मारायचे. उलटं केलं तर ब्लीच वरवर फिरतं आणि पंधरा दिवसांत वास परत. भिंतीचे पोपडे न खरवडता चुना मारल्यासारखं होतं ते.

एक गोष्ट जी चुकायची नाही

आम्ल आणि ब्लीच एकत्र करू नका. सायट्रिक अ‍ॅसिड असो, व्हिनेगर असो की संडास साफ करायचं लिक्विड, ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो छातीत जातो. म्हणूनच मी दोन वेगळे दिवस म्हणते, आणि मधे एकदा कोऱ्या पाण्यानं मशीन फिरवायला सांगते.

फरशीचं अ‍ॅसिड मशीनमध्ये कधीच नको. ते स्टील खातं, आणि ड्रमच्या पाठीमागचा अ‍ॅल्युमिनियमचा आधारही खातं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडरही नको, कारण तिच्यात चुना असतो. आपण क्षार काढायला बसलोय, घालायला नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून फेस उठवायचे व्हिडिओ बघून मीही केलं होतं. फेस छान येतो. पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं ते जवळपास नुसतं पाणी.

सामान

सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व किंवा लिंबूफूल म्हणून मिळतं ते, पाव किलो. दुकानदार कधीकधी तुरटी काढून देतो, तेव्हा नीट बघून घ्या; साखरेसारखे बारीक कण असतात आणि जिभेला लावलं तर कडक आंबट. व्हिनेगरही चालतं, पण ते बरंच लागतं, आणि वारंवार वापरलं तर रबर खराब होतं, म्हणून मी सोडलं. त्याशिवाय साधं द्रव ब्लीच नाहीतर ऑक्सिजन ब्लीचची पावडर, जुना टूथब्रश, जुनं बनियन, एक पसरट ताट आणि रबरी हातमोजे.

आणि गरम पाणी. इथे आपल्याकडच्या उन्हाचा पहिल्यांदा उपयोग होतो. ज्या मशीनमध्ये हीटर नाही तिला दुपारी दोन-तीनला सोलरचं पाणी द्या. सोलर नसेल तर गीझर, तोही नसेल तर गॅसवरचं पातेलं. उकळतं पाणी आणि टाकीतलं पाणी निम्मं-निम्मं केलं की साधारण ६० अंशांच्या आसपास येतं. आधी गार पाणी ओता, मग गरम. उकळतं पाणी थेट प्लॅस्टिकवर ओतायचं नाही. त्याहून गरम करायच्या भानगडीत पडूही नका, कारण फार गरम पाण्यात कॅल्शियम आणि सायट्रिक अ‍ॅसिडची जोडी पुन्हा पांढरा गाळ होऊन बसते.

दिवस कोणता? नळ येतो तो. आमच्या गल्लीत नळाचा दिवस म्हणजे सणच, त्या दिवशी सगळी भांडी भरतात. मशीनलाही त्याच दिवशी घ्या, कारण बोअरच्या पाण्यानं क्षार काढणं म्हणजे चिखलानं पाय धुणं.

पहिली पायरी: मळ खरंच आहे का ते बघा

मशीन रिकामं. कपडे नाहीत, पावडर नाही. गरम पाणी भरून पाच मिनिटं फिरवा आणि थांबवून आत बघा. पावडर टाकलेली नसताना फेस आला तर तो जुन्या धुण्यांचा साबण आहे. आमच्याकडे बोटभर फेस आला होता, वर काळ्या कागदाच्या चिंध्यांसारखे तुकडे. हे पाणी सोडून द्या. पाणी स्वच्छ राहिलं आणि वासही नसला तर कदाचित दोष मशीनचा नाही, मोरीचा आहे, त्याबद्दल पुढे.

दुसरी पायरी: हातानं निघतं ते हातानं काढा

प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा.

समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये रबराची घडी पूर्ण बाहेर ओढून खालच्या बाजूला बघा. पाणी तिथेच थांबतं. ओल्या बनियननं पुसा, घडीच्या टोकाला ब्रश फिरवा. काळे ठिपके घासून गेले नाहीत तर जोर करू नका, रबर फाटलं तर दार गळायला लागेल. मग पावडरचा कप्पा. बहुतेक मशीनमध्ये मधली खूण दाबून तो संपूर्ण बाहेर येतो. त्याच्या मागच्या पोकळीत वर बघा, तिथे ओल्या पावडरीची घट्ट वडी बसलेली असते.

आता खालचं फिल्टर. मशीनच्या पुढे, तळाशी, एक छोटं झाकण असतं. ताट लावा, बारीक नळी असेल तर तिच्यातून पाणी आधी काढा, मग फिल्टर हळूहळू फिरवत उघडा. धुणं नुकतंच झालं असेल तर थांबा, आत गरम पाणी असू शकतं. पहिल्यांदा उघडताना नाकाला पदर लावा, खरंच. आमच्या फिल्टरमधून दोन रुपयांचं नाणं, कापसाच्या गोळ्यासारखा तंतूंचा बोळा आणि मुलाच्या शाळेच्या टायचा हूक निघाला. फिल्टर धुऊन बसवताना पूर्ण आवळा, नाहीतर पुढच्या धुण्याला घरभर पाणी.

वरून उघडणाऱ्या आणि सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये तंतू धरायची जाळी किंवा पिशवी असते. ती उलटी करून धुवा, फाटली असेल तर नवी घ्या. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर तळाची फिरणारी चकतीही काढता येते: मधला स्क्रू फुलीच्या स्क्रूड्रायव्हरनं काढायचा, चकतीच्या कडेखालून समोरासमोर दोन नाड्या सरकवायच्या आणि दोन्ही नाड्या एकदम वर ओढायच्या. चकतीखाली जे दिसेल ते बघून पहिल्या दिवशी जेवण जात नाही. घोटीव काळा चिकटा, मधे मधे पांढऱ्या खपल्या. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये हा उद्योग वॉरंटी असेपर्यंत करू नका.

पाणी आत येतं तिथली जाळी सगळेच विसरतात. तोटी बंद करा, मशीनच्या मागची नळी सोडा, आत बोटाच्या टोकाएवढी जाळी दिसेल. पकडीनं अलगद ओढा. टँकरच्या पाण्याचा गाळ आणि टाकीचे क्षार तिथे अडकतात, मग पाणी कमी येतं आणि कपडे नीट खळबळले जात नाहीत. लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ब्रश फिरवा.

तिसरी पायरी: क्षार सोडवा

हीटर असलेल्या समोरच्या दाराच्या मशीनमध्ये पाणी कमी लागतं, १०० ग्रॅम लिंबूसत्व पुरे. ते थेट ड्रममध्ये टाका. ‘टब क्लीन’ असेल तर ते, नाहीतर कॉटनचं ६० अंशांचं धुणं, रिकाम्या मशीनवर. पाणी गरम झालं की पॉज करून अर्धा-पाऊण तास राहू द्या, मग पुढे जाऊ द्या.

वरच्या दाराच्या मशीनमध्ये पाण्याची पातळी सगळ्यात वरची ठेवा आणि २०० ग्रॅम घाला, सेमी-ऑटोमॅटिकमध्ये १५० पुरतं. बादलीभर गरम पाण्यात आधी विरघळवून घ्या. दहा मिनिटं फिरवा, एक तास थांबा, पुन्हा दहा मिनिटं फिरवा. घाई करणाऱ्यांचं इथेच फसतं. क्षार सुटायला वेळ लागतो, फिरवण्यानं नाही तर भिजण्यानं ते सुटतात. सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळायच्या बाजूलाही दोन तांबे ओतून फिरवून घ्या, तिकडे कोणी बघतच नाही.

पाणी सोडल्यावर कोऱ्या पाण्यानं एकदा पूर्ण फिरवा. समोरच्या दाराच्या मशीनचं खालचं फिल्टर परत उघडा. हीटरवरून सुटलेल्या पांढऱ्या खपल्या तिथे येऊन थांबतात. आमच्याकडे अंड्याच्या टरफलासारख्या चमचाभर निघाल्या. पहिल्या खेपेला थर जाड असेल तर आठवड्यानं हीच पायरी पुन्हा करा, एका दिवसात दुप्पट डोस देऊन नको.

चौथी पायरी, दुसऱ्या दिवशी: जंतू

रिकाम्या मशीनमध्ये अर्धी वाटी, म्हणजे साधारण १०० मिली, द्रव ब्लीच. पाणी साधंच. वरच्या दाराच्या मशीनमध्ये भरून अर्धा तास ठेवा, तासन्‌तास नको, धातूला त्रास होतो. ऑक्सिजन ब्लीच घेतलं असेल तर मात्र पाणी गरम हवं, ते गार पाण्यात आळशी असतं. त्यानंतर दोनदा कोरं पाणी. पहिल्या धुण्याला साड्या घालू नका. पायपुसणी नाहीतर जुन्या चादरी घाला.

रबराच्या घडीतले काळे ठिपके राहिले असतील तर पातळ केलेल्या ब्लीचमध्ये भिजवलेली चिंधी घडीत पंधरा मिनिटं दाबून ठेवा, मग पुसून घ्या. खिडकी उघडी ठेवा.

ब्लीचचं पाणी झाडांना नको, संडासात ओता.

पाणी वाचवायचं आणि मशीनही

आता खरी अडचण. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमचं मशीन पोतं टाकून झाकलेलं होतं आणि धुणं दोन बादल्यांत. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना "रिन्स दोनदा करा" म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. पण एक रिन्स वगळल्यानंच साबण मशीनमध्ये राहतो, हेही खरं.

मी मधला मार्ग काढला. रिन्स वगळत नाही, पावडर कमी करते. जड पाण्याला पावडर थोडी जास्त लागते हे पाकिटावर लिहिलेलं खरं आहे, पण आपण मळक्या-न मळक्या सगळ्यांना सारखीच मूठ टाकतो. घरात बसलेल्या माणसाचे कपडे आणि रानात गेलेल्या माणसाचे कपडे एका मापाचे नसतात. मापाचा डबा पावडरीत ठेवा, मूठ बंद करा. शेवटच्या रिन्सचं पाणी हातात घेऊन बोटं चोळा; बुळबुळीत लागलं तर पुढच्या वेळी पावडर कमी.

शेवटच्या रिन्सचं पाणी पिंपात धरून पुढच्या धुण्याला वापरा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकाच साबणाच्या पाण्यात तीन घाणे काढायचे असतील तर आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी रानातले. आणि रानातले कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी बाहेर झटकून, एकदा साध्या पाण्यात बुचकळून माती सोडवा. टँकरचं गढूळ पाणी असेल तर पिंपात तुरटी फिरवून रात्रभर बसू द्या. तुरटीनं गाळ बसतो, क्षार जात नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

घरात दोन पाणी असतील तर धुवायला बोअर आणि शेवटच्या रिन्सला नळ. आमच्या सासूबाई मशीन येण्याआधीपासून हेच करत होत्या, मला उशिरा कळलं.

रोजचं

धुणं झालं की कपडे लगेच काढा. लाईट मधेच गेली तर "आल्यावर बघू" म्हणून ओले कपडे रात्रभर आत ठेवू नका, हातानं पाणी सोडून कपडे बाहेर काढा. दार आणि पावडरचा कप्पा उघडा ठेवा. लहान मूल असेल तर दार पूर्ण उघडं नको, मधे दुमडलेला नॅपकिन अडकवून बोटभर फट ठेवा. रबराची घडी कोरड्या फडक्यानं पुसायला अर्धं मिनिट लागतं. श्रावणात, हवा ओली असते तेव्हा, हे चुकवू नका. मे महिन्यात एखाद्या दिवशी चुकलं तरी चालतं, आपलं ऊन सगळं वाळवतं.

लिंबूसत्वाचा फेरा बोअरचं पाणी असेल तर महिन्याला, नळाचं असेल तर दोन-तीन महिन्यांना. ब्लीच त्याहून कमी वेळा. महिन्यातून एकदा टॉवेल-चादरींचं धुणं गरम पाण्यात काढलं तर मशीनही आपोआप शेकून निघतं.

एवढं करूनही वास आला तर

मोरी बघा. सांडपाण्याची नळी मोरीच्या भोकात खोलवर खुपसलेली असेल तर गटाराची हवा नळीतून मशीनमध्ये चढते. नळीचं टोक पाण्यात बुडलेलं नको, भोवती थोडी फट हवी. उन्हाळ्यात मोरीच्या जाळीखालचं थांबलेलं पाणीही आटून जातं आणि गटाराचा वास थेट वर येतो. तांब्याभर पाणी ओतलं की बंद होतो. हे न कळल्यानं माझ्या जावेनं नवीन मशीनला दोन महिने दोष दिला.

आणि काही गोष्टी साफसफाईनं जात नाहीत. पिळताना विमान उतरल्यासारखा आवाज येत असेल तर बेअरिंग गेलंय. कपड्यांवर तपकिरी ग्रीसचे डाग पडत असतील तर ऑइल सील गळतंय. पाणी गरमच होत नसेल तर हीटर. तेव्हा मेकॅनिक बोलवाच, पण पार्ट बदलायच्या आधी जुना भाग खोलून समोर दाखवायला सांगा, आणि बदलल्यावर जुना भाग आपल्याकडे ठेवून घ्या.